एक ग्रॅमची बातमी

कुठल्याही आकड्याआधी तो 'अंदाजे' म्हणायचा. स्वतःचं वय सांगतानाही.

दुसऱ्याच्या घरात रिकाम्या खोलीत पंखा फिरताना दिसला की उठून बंद करायचा. विचारत नसे.

खडू संपत आला की उरलेला तुकडा खिशात टाकायचा. कपडे धुताना त्याची आई, कौसल्याकाकू, रोज ते तुकडे काढून खिडकीत ठेवायच्या.

मुलाचं उत्तर चुकलं तर वहीत 'चूक' लिहीत नसे. 'पुढे?' असं लिहायचा.

गरम चहा बशीत ओतून ठेवायचा, आणि बोलता बोलता तो बशीतच गार करून टाकायचा.

कोणी शास्त्रज्ञ म्हटलं की चष्मा काढून पुसायचा. या वर्षी मार्चनंतर तो फार वेळा पुसावा लागला.

अश्वजितदादा गेला तेव्हा एकतीस वर्षं चार महिन्यांचा होता. हे अंदाजे नाही. दाखल्यासाठी मीच वय काढून दिलं.

आमचं गाव मुकुटबनपासून सात किलोमीटर आत आहे. विहाराच्या मागे एकाच गल्लीत आमची घरं. तो माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. त्यानं फिजिक्समध्ये एमएस्सी केलं आणि गावात परत आला. मी मराठीत एमए केलं आणि मीही परत आलो. तो बबनरावांच्या कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवू लागला. मी यवतमाळच्या एका दैनिकाचा वार्ताहर झालो. बबनराव संस्थेचे अध्यक्ष. त्यांच्या पत्नी विमलताई गावच्या सरपंच. सही विमलताईंची असते. बाकी सगळं बबनरावांचं.

प्रतिद्रव्य हा शब्द मी पहिल्यांदा एसटीत ऐकला. तीन वर्षांपूर्वी कौसल्याकाकूंना गाठ निघाली. नागपूरला मोठी तपासणी झाली. मी सोबत होतो. काकूंना उपाशी ठेवून एक इंजेक्शन दिलं आणि तासभर वेगळ्या खोलीत बसवलं. दादा तिथल्या तंत्रज्ञाला इतके प्रश्न विचारत राहिला की शेवटी त्यानं त्याला बाहेर काढलं. परतताना दादानं मला समजावलं. त्या औषधातून इलेक्ट्रॉनच्या उलटे कण निघतात. उलटा कण साध्या कणाला भेटला की दोघंही संपतात. उरतो नुसता प्रकाश. मशीन तोच पकडतं आणि गाठ कुठे आहे ते दाखवतं. 

"माईच्या आंगात प्रतिद्रव्य होतं, कपिल," तो म्हणाला. "अन् ते बिचारी भुकेली बसून होती."

त्या दिवसापासून तो त्या विषयात शिरला. मिळेल ते वाचायचा. केळ्यातूनही असा एखादा कण तास-दीड तासाला निघतो, हे त्यानं वर्गात सांगितलं. दुसऱ्या दिवशी पोरांनी टेबलावर केळ्यांची फणी आणून ठेवली. चिठ्ठी होती, 'सर, मोजून घ्या.' तो अख्खा तास हसत होता.

त्याचं दुसरं वेड पोडाचं होतं. आमच्या ग्रामपंचायतीत एक पोड, म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती, येतो. जंगलाच्या कडेला चाळीस घरं. सतरा वर्षांपूर्वी तिथे विजेचे खांब उभे राहिले. तारा आल्या नाहीत, ट्रान्सफॉर्मरचा डीपी आला नाही. त्या वर्षी जन्मलेली मोनाली टेकाम यंदा अकरावीला होती, दादाच्याच वर्गात. पोडातून विज्ञान शाखेला आलेली ती पहिली. शाळा सुरू असेपर्यंत वणीच्या वसतिगृहात राहते आणि तिथून ये-जा करते. दादा दर रविवारी पोडावर जाऊन लहान मुलांना शिकवायचा. मोडकीतोडकी कोलामी शिकला होता. मोनालीचे आजोबा उकंडाबाबा पोडाचे नाईक, म्हणजे मुखिया. त्यांना बरोबर घेऊन दादानं दोन वर्षं अर्ज केले, साहेबांना भेटला. गेल्या ऑगस्टमध्ये पोडाचा डीपी ग्रामपंचायतीच्या यादीत एक नंबरवर आला. त्या दिवशी त्यानं मला दोन वेळा चहा पाजला.

फेब्रुवारीत वर्गात प्रतिद्रव्याचं ऐकून मोनालीनं विचारलं, "सर, एवढी ताकद हाये त्याच्यात, तं आमच्या पोडावर हे काहून नाही आणत?"

प्रश्न त्याला फार आवडला. विज्ञान दिनाला त्यानं त्यावरच भाषण ठेवलं. फळ्यावर लिहिलं, प्रतिद्रव्यापासून वीज मिळेल का?

भाषणाचे दोन भाग होते. पहिल्या भागात त्यानं सांगितलं की एक ग्रॅम प्रतिद्रव्य एक ग्रॅम साध्या द्रव्याला भेटलं तर अंदाजे पाच कोटी युनिट ऊर्जा निघेल. पोडाची चाळीस घरं, घराला महिन्याला पन्नास युनिट. म्हणजे पंचवीस हजार महिने. दोन हजार वर्षांहून जास्त. पोरांनी टाळ्या वाजवल्या. तो थांबला, फळा पुसला आणि दुसरा भाग सुरू केला. असं एक ग्रॅम कुठेच नाही. जगातल्या सगळ्या प्रयोगशाळांनी आजवर बनवलेलं एकत्र केलं तरी अंदाजे एक युनिट होईल. ते खाणीतून निघत नाही. बनवावं लागतं. एक युनिट परत मिळवायचं तर अब्जावर युनिट आधी घालावे लागतात. साठवायचं तर त्याहून पंचाईत, कारण ज्या भांड्यात ठेवाल त्या भांड्यालाच ते भेटतं. "म्हणून याचं उत्तर नाही असं आहे," तो म्हणाला. "आपल्याले डीपीच मांगा लागन."

सगळे हसले. मी मागे बसून लिहून घेत होतो.

बातमी मी रात्री पाठवली नाही, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत घासत बसलो. मला ती गोष्टीसारखी लिहायची होती. आधी दोन हजार वर्षं, चाळीस घरं, टाळ्या. मग शेवटच्या परिच्छेदात फळा पुसणारा शिक्षक आणि त्याचं 'नाही'. वाचकाच्या हातातून सगळं काढून घ्यायचं आणि डीपीवर आणून सोडायचं. मला ते चांगलं जमलं होतं, असं वाटलं.

जिल्ह्याच्या दैनिकात बातमी खालून कापतात. हे मला तीन वर्षं माहीत होतं. संध्याकाळी एखादी जाहिरात आली की उपसंपादक वाचत बसत नाही, शेवटचे परिच्छेद काढतो. म्हणून महत्त्वाचं वर लिहायचं असतं. त्या संध्याकाळी कुण्या नेत्याच्या वाढदिवसाची जाहिरात आली. माझे शेवटचे दोन परिच्छेद गेले. वर मथळा आला, 'एक ग्रॅममध्ये पोडाला दोन हजार वर्षं वीज! प्राध्यापकाचा शोध'.

पहिल्या पानावरची ती माझी पहिली बातमी.

दादानं पेपर वाचला आणि उलटून मागची बाजू पाहिली. उरलेलं तिकडे असेल असं त्याला वाटलं. मग म्हणाला, "उद्या खुलासा दे, बाप्पा. लोक मले मारतीन."

मी दोन ओळींचा खुलासा पाठवला. आला नाही. पुन्हा पाठवला. आठ दिवसांनी फोनवर उत्तर मिळालं, आता ती बातमी शिळी झाली. मी तिसऱ्यांदा पाठवला नाही. ऑफिसातून माझं कौतुक झालं होतं. हे लिहून ठेवायला हवं.

टपरीवर चेष्टा सुरू झाली. रवी पानवाला मोबाइल पुढे करायचा, "सर, तुमच्या ग्रॅमवर चार्जिंगले लावून द्या न." दादा त्याला म्हणायचा, आधी मागच्या महिन्याचं बिल भर. बबनरावांनी शाल-श्रीफळ दिलं. कॉलेजच्या फाटकावर दादाच्या फोटोचा फ्लेक्स लागला. तो काढा, असं त्यानं दोनदा सांगितलं. मग काकूंचा त्रास पुन्हा वाढला. मार्च-एप्रिल त्याचे नागपूरच्या वाऱ्यांत गेले. पोडावरचे रविवार बुडाले.

अशाच एका सकाळी तो बसमागे धावत असताना बाजारात उकंडाबाबा भेटले. त्यांनी विचारलं, गुरुजी, ते कवा आणता? दादाला वाटलं म्हातारा चेष्टा करतोय. तो हसून "मोजून राह्यलो, बाबा," म्हणाला आणि बसमध्ये चढला. हे त्यानं मला त्याच संध्याकाळी सांगितलं. आम्ही दोघंही हसलो.

एक मेच्या ग्रामसभेला दादा नागपुरात होता. मी होतो. बबनराव उठले. खिशातून माझ्या बातमीचं कात्रण काढलं, वाचून दाखवलं. म्हणाले, पोडाची सोय आपले सर करून राह्यले. गावाले अभिमान हाये. मग तो डीपी तिथं कायले वाया घालवायचा? रस्त्याकडच्या नव्या लेआउटवर घ्या. प्लॉट पाडलेला तो लेआउट त्यांचाच आहे. ग्रामसेवकानं पोडाचं मत विचारलं. सगळ्यांनी उकंडाबाबांकडे पाहिलं. ते उठले, हात जोडले आणि हो म्हणाले. ठरावावर पोडाचे बारा अंगठे उमटले.

मी उठून बोलायला हवं होतं. मी वार्ताहरांच्या खुर्चीत बसलो होतो. माझ्या डोक्यात एकच विचार होता, आता सगळ्यांना कळेल की शेवट माझ्याकडून राहिला. मोनालीला खरं माहीत होतं, पण ती वणीला होती. आणि ती तिथे असती तरी तिला कोणी विचारलं नसतं.

चार तारखेला दादा परत आला. मी सांगितलं. त्यानं मोटारसायकल काढली. मी मागे बसलो.

उकंडाबाबा मोहाच्या झाडाखाली तेंदूपत्त्याचे पुडे बांधत होते. दादा त्यांच्यासमोर मातीत बसला आणि सगळं सांगितलं. असं काही नाही, होणार नाही, मी आणू शकत नाही. बाबांचे हात थांबले नाहीत. पुडा बांधून झाल्यावर ते बोलले.

"सतरा वर्सं साहेब म्हणे, पुढच्या साली. तुमी एक डाव म्हणलं, मोजून राह्यलो. मंग मी कोनाचं मानू, गुरुजी?"

दादा म्हणाला, "चूक मायी हाये. 'नाही' हे मी पयले सांगाले पायजे होतं. मी मागून सांगतलं."

"अर्धं कायले बोलले?"

 मी दादाच्या शेजारी उभा होतो. त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. परत येताना वाटेतही माझं नाव काढलं नाही.

तालुक्याच्या कचेरीतल्या बाबूनं वाट सांगितली. ठरावावर पंधरा दिवसांत हरकत घ्या. सोळा मे शेवटची तारीख. सरांचं निवेदन हवं की असा शोध लागलेला नाही. खाली पोडातल्या घरांच्या सह्या हव्यात. मग बाबूनं एक अट घातली.

"तुमी विद्वान मानसं. आज नाही म्हणान अन् धा वर्सांनी म्हणान निघालं. तसं नको. लिहा, प्रतिद्रव्यापासून वीज कधीच मिळणार नाही. कधीच. मंग साहेब सही करतीन."

कागदाला हात लावण्याआधी दादा बबनरावांना भेटून आला. निवेदन देणार हे त्यांना सांगायला. त्यांनी बसवलं, पाणी दिलं.

"तुमच्या फोटोनं पस्तीस पोरं विचारून गेली सायन्सले," ते म्हणाले. "आता तुमी म्हणता फोटो खोटा. जून जाऊ द्या न सर. ॲडमिशन होऊ द्या. मंग सांगा तुमचं खरं."

"तवापर्यंत डीपी तुमच्या लेआउटवर चढला असन."

बबनराव हसले. "तुमी तं दोन हजार वर्सांचे मालक. एक डीपी आमच्यासाठी राहू द्या."

उठताना त्यांनी जोडलं की पुढच्या वर्षीच्या तासिकांचं अजून ठरायचंय. ते सरळ आवाजात म्हणाले. दादाला ते अपेक्षित होतं. नोकरीचं त्याला फार वाईट वाटलं नाही. तो अडला वेगळ्याच जागी.

त्याला 'कधीच' लिहिता येईना.

आज नाही, हे तो लिहू शकत होता. बनवून परवडणार नाही, हेही. पण उद्या कुठे आकाशात ते आयतं सापडलं तर? सापडेल असं त्याला वाटत नव्हतं. पण सापडणार नाही हे ठाऊकही नव्हतं. चार दिवस तो कागद घेऊन बसला. मी चिडलो. म्हटलं, दादा, लिहून टाक. बाबूला काय कळतं? कोण येणार आहे तपासायला? चाळीस घरांचा प्रश्न आहे आणि तू एका शब्दासाठी अडलास.

तो म्हणाला, "एकडाव कमी बोललो, तं हे झालं. आता जास्त बोलू?"

मी म्हटलं, तारीख जाईल. तो म्हणाला, माहीत आहे.

चौदा तारखेला संध्याकाळी त्यानं मला निवेदन वाचून दाखवलं. मराठी तपासायला. मी एक शब्द बदलला नाही. ते असं आहे :

'प्रतिद्रव्य जमिनीत सापडत नाही. ते बनवावे लागते. बनवायला जितकी वीज लागते तिच्या कणभरही परत मिळत नाही. म्हणून ते विजेचा स्रोत नाही. मी किंवा कोणीही असा शोध लावलेला नाही. पुढे कधी कोणाला ते आयते सापडेल का, हे मला माहीत नाही. पण पोडाला वीज आज हवी आहे आणि ती तारेनेच येईल. विज्ञान दिनी मी उत्तर उशिरा सांगितले. ती चूक माझी आहे. पोडाची नाही.'

एवढ्यावर बाबू ऐकेल का, मी विचारलं. तो म्हणाला, पुढे बसून समजावीन.

पंधरा तारखेला सकाळी सहाला तो पोडावर पोचला. मी पण गेलो. तो दारोदार फिरला. प्रत्येक घरी पूर्ण निवेदन आधी मराठीत वाचायचा, मग अडखळत कोलामीत सांगायचा. मग विचारायचा, काय समजलं ते मला सांगा. समोरच्यानं सांगितलं की मगच अंगठा घ्यायचा. एका घराला पंधरा मिनिटं लागत होती. मी म्हटलं, उकंडाबाबांनी एकदा सांगितलं तर सगळे येऊन अंगठे देतील. तो म्हणाला, मागच्या वेळी तसेच दिले होते. स्वतःची सही त्यानं शेवटी ठेवली होती. आपण काय कबूल करतोय ते आधी त्यांना कळू दे, म्हणाला.

दहाच्या सुमारास सतरा घरं झाली. पुढची घरं बंद होती. मेचे दिवस. पहाटे जंगलात गेलेली माणसं तेंदूपत्ता घेऊन थेट फळीवर जातात, जिथे पुडे मोजून घेतात. फळी डांबरी रस्त्यापलीकडे आहे. दादानं कागदाची फाईल माझ्याकडे दिली. म्हणाला, तू इथं सावलीत थांब, मी त्यांना फळीवर गाठतो आणि कोण कधी घरी येणार ते विचारून येतो. उन्हात सगळ्यांना परत चालत आणायला नको.

त्या रस्त्यानं खाणीतून कोळशाचे ट्रक जातात. भरलेला ट्रक होता. वळणावर दादाची मोटारसायकल त्याच्याखाली गेली. पोडावर आवाज आला नाही. अर्ध्या तासानं एक बाई धावत आली.

त्या संध्याकाळी मी दैनिकाला चार ओळी पाठवल्या. शिक्षकाचा अपघाती मृत्यू, असा मथळा दिला. सकाळी छापून आलं, 'प्रतिद्रव्य संशोधक हरपला'. मधे बबनरावांची श्रद्धांजली होती, त्यांनी फोनवर सांगितलेली, चौदा ओळींची. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, त्यांचं स्वप्न गाव पूर्ण करील. त्या दिवशी जागा होती. काहीच कापलं नव्हतं.

सोळा तारखेला दुपारी, त्याची राख गार व्हायच्या आत, मी कचेरीत गेलो. बाबूनं कागद उलटापालटा केला. त्याला वाईट वाटलं होतं, तसं तो म्हणाला. पण निवेदकाची सही नाही. सही नाही तर हा कागद कोणाचा? आणि 'कधीच' तर कुठेच लिहिलेलं नाही.

निदान राहिलेली घरं पूर्ण करावी, पुढे अपिलात उपयोगी पडेल, म्हणून आठवड्यानं मी पोडावर गेलो. उकंडाबाबांनी माझ्यासाठी बाज टाकली. पाणी दिलं. मी कागद काढला. ते कागदाकडे पाहत राहिले.

"गुरुजीनं वाचलं असतं तं आंगठे झाले असते," ते म्हणाले. "तू वाचशीन तं कसं मानू? ते पेपरातलं तूच लिहेल हाय न, पोरा?"

मोनालीनं त्यांना सांगितलं असावं. की त्यांना पहिल्यापासूनच माहीत होतं, मी विचारलं नाही. मोनाली दारात उभी होती. ती आत निघून गेली.

जुलैत डीपी लेआउटवर चढला. तिथे अजून एकही घर नाही. फाटकावरचा फ्लेक्स पावसानं फाटला, मग नवा लावला. कौसल्याकाकूंना पुढच्या तपासणीला मी नेलं. त्या खोलीत त्या तासभर एकट्या बसल्या. मी बाहेर होतो. तोच तंत्रज्ञ म्हणाला, ते प्रश्न विचारणारे कुठे आहेत?

निवेदन माझ्याकडे आहे. सतरा अंगठे. प्रत्येकापुढे दादाच्या अक्षरात नाव, आणि त्या माणसानं काय समजलं म्हणून सांगितलं, ते एका ओळीत. 'वीज तारेनंच येते.' 'गुरुजी चुकले, कबूल करतात.' 'ग्रॅम कुठेच नाही.' अशा सतरा ओळी.

त्याखाली त्यानं पेन्सिलनं पुढचं नाव घालून ठेवलं आहे.

'१८. हंसाबाई आत्राम. फळीवर आहेत. वाचून दाखवणे.'